कडेची बोटभर जागा

कोऱ्या डीव्हीडीच्या पाकिटावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरमध्ये घातली की तीच डिस्क ४.३८ दाखवते. मधला फरक कुठं जातो, हे गिऱ्हाइकांना समजावण्यात माझी बारा-तेरा वर्षं गेली. कंपनी हजारानं मोजते आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसनं, हे खरं उत्तर. पण खरं उत्तर ऐकून कुणाचं समाधान झालेलं मी पाहिलं नाही. "मधल्यामधी दुकानदारच मारत असंल," असं मोहोळचे एक गुरुजी म्हणाले, आणि ते मात्र दुकानातल्या सगळ्यांना लगेच पटलं.

सोलापुरात आमचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. आमचे हे कॅमेरा घेऊन फिरायचे आणि मी कॉम्प्युटरसमोर बसायची. कामाची वाटणी सरळ होती. त्यांनी लांबवायचं, मी आखडायचं. कॅमेरा बंद करायचं बटण ह्यांना माहीतच नव्हतं असं माझं मत आहे, त्यांचं मत वेगळं आहे. हळद, वरात, अक्षता, पंगत, पाठवणी मिळून सहा-सात तासांचा ऐवज माझ्यासमोर यायचा आणि गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकून म्हणायचं, "वहिनी, एकाच डिस्कवर मारून द्या की."

एकच का, तर दोन दिल्या की एक हरवते आणि हरवते ती नेमकी महत्त्वाची. नातेपुत्याच्या एका घरात पहिली डिस्क राहिली, दुसरी मामांकडे गेली आणि मामांनी ती परत केली नाही. त्या घरातलं लग्न अजून पंगतीपर्यंतच लागलेलं आहे. अक्कलकोट रस्त्याच्या एका व्यापाऱ्यांनी तर मला बजावलं होतं, "अक्षता पहिल्या डिस्कवर आणि पाठवणी दुसरीवर, असलं काय करू नका. मुलगी माहेरीच ऱ्हायली म्हणत्यात त्याला." हे कुठल्या पोथीत आहे ते मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाशी शास्त्रावर वाद घालू नये.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. माझ्या धंद्यात पाय आधीच पसरलेले असायचे, मी अंथरूण ओढत बसायची. त्याला तीन मार्ग होते. पहिला म्हणजे कात्री. पंगतीतले वाढपी, बँडवाल्यांचे गाल, मांडवाची झालर, असं जे जाईल ते काढायचं. दुसरा म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला जागा कमी द्यायची. तेवढ्याच डिस्कवर मग जास्त वेळ मावतो, पण चित्र खरबरीत होतं, शालूच्या जरीचे चौकोन पडतात आणि पळणाऱ्या पोराला चेहरा उरत नाही. तिसरा मार्ग म्हणजे डिस्क काठोकाठ भरायची.

हा तिसरा मार्ग मी कधीच घेत नसे. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. सुरुवात मधल्या भोकापाशी, शेवट कडेला. आणि माणूस डिस्क धरतो ती कडेलाच, बहुतेक वेळा भजी खाल्लेल्या बोटांनी. शिवाय स्वस्तातल्या डिस्कचा लेपही कडेला कच्चा असतो. म्हणून अडकते ती शेवटी. माझा नियम होता की कडेची बोटभर जागा कोरी सोडायची. डिस्क उलटी धरली की लिहिलेला भाग गडद दिसतो आणि कडेला फिकट पट्टी. "वहिनीची डिस्क अडकत न्हाय," असं नाव झालं होतं ते त्या पट्टीमुळं. त्या नावाचा मला गर्व होता, आणि तो लपवायचा मी काही विशेष प्रयत्न करत नसे.

एक दिवस अंबादासअण्णा आले. ते पूर्वभागातल्या तेलुगू विणकर वस्तीतले, पण मागावर बसणारे नव्हते. चादरी-टॉवेलवर जे मोर आणि वेलबुट्ट्या येतात, त्यांचा ग्राफ काढायचे. मोठ्या चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत मोर उभा करायचा आणि त्यावरून माग चालायचा. या माणसानं दीड वर्ष कारखान्याच्या सुट्ट्या धरून एक सिनेमा काढला होता. कॅमेरा आमच्याच दुकानातला, माणसं त्यांच्या गल्लीतली. साठ माणसं होती. अण्णांनी आधीच शब्द दिला होता की गल्लीतला एकही माणूस सुटणार नाही, आणि तो पाळलाही होता. सिनेमाचं नाव तीनदा बदललं. शेवटी सगळे त्याला 'आपला सिनेमा' म्हणायला लागले.

गोष्ट साधी होती. एक विणकर कामासाठी भिवंडीला जातो, तिकडंच अडकतो आणि बऱ्याच वर्षांनी मार्कंडेयाच्या रथोत्सवाच्या दिवशी घरी परत येतो. नायक अण्णा स्वतःच होते, कारण दर सुट्टीला वेळेवर हजर राहणारा दुसरा कुणी मिळाला नाही. लांबी तीन तास बावीस मिनिटं.

"दोन डिस्क होतील," मी म्हणाले.

"एकच पायजे, वहिनी."

कारण केबलवाले बाबूभाई. मार्कंडेयाच्या रथाच्या दुसऱ्या दिवशी, सगळी वस्ती थकून घरी पडलेली असताना, दुपारी ते हा सिनेमा आपल्या केबलवर लावणार होते. मी स्वतः त्यांना जाऊन विचारलं, मध्ये एकदा डिस्क बदलायला काय जातं? ते फार शांतपणे म्हणाले, "नक्को भाभी. मैं डिस्क डालतूं, ताला लगातूं, खाना खाके सोतूं. बदलने कू कौन आयेंगा?"

अण्णांना मी तिन्ही मार्ग समजावले. एरवी यात माझा अर्धा तास जायचा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी सूत तेवढंच हाय. चादर लांब करायची तर झिरझिरीत विणाय लागंल. व्हय का न्हाय?"

"व्हय," मी म्हणाले. तोवर मला हे इतकं नीट कधी सांगता आलं नव्हतं.

"मग सगळीकडं कशाला झिरझिरीत? मोराच्या डोळ्याला मी चौकोन जास्त देतो, मागच्या मोकळ्या रंगाला कमी. तसं करा की."

तसं करता येत होतं, फक्त ते एकेका प्रसंगाला हातानं करावं लागायचं आणि लग्नाच्या कामात एवढा जीव कोण घालतंय. आम्ही आठवडाभर शेजारी बसून ते केलं. कोरी भिंत आली की अण्णा म्हणायचे "कमी", चेहरा आला की "द्या". रथाच्या गर्दीला मात्र कितीही दिलं तरी पुरेना. आता याहून खाली उतरलो तर माणसं ओळखू येणार नाहीत, इथपर्यंत आलो आणि तरीही शेवट माझ्या कडेच्या पट्टीत घुसत होता.

म्हणजे आता कापायला हवं होतं, आठ मिनिटं. ही बातमी मी फक्त अण्णांना सांगितली होती. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात रांग लागली. तालमीतला पैलवान आला आणि मारामारीला हात लावू नका म्हणाला. ते तो विनंती म्हणून म्हणत होता, पण उभा दारात होता. सिनेमात चहावाला झालेला लक्ष्मण गल्लीत खरोखरच चहा विकायचा, त्यानं सोबत चहाच आणला. त्याचा प्रसंग अकरा मिनिटांचा होता. मी म्हटलं, चहा उकळतोय हे एका मिनिटात कळतं. तो दुखावला. "एका मिनिटात उकळल्याला चहा तुमी पिताल का, वहिनी?" दोन दिवसांत मी इतका चहा प्यायले आणि एक मिनिटही कापू शकले नाही.

तिसऱ्या दिवशी राजव्वाअक्का आल्या. अण्णांची थोरली बहीण. आई-वडील लवकर गेले तेव्हा या बाईनं विड्या वळून भावाला वाढवलं, आणि त्याचा चित्रातला हात पाहून त्याला मागावर बसू दिलं नाही. या गोष्टी मला गल्लीतल्या इतरांनी सांगितल्या होत्या, त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत. दुकानात आल्या त्याही पायरीवरच थांबल्या.

"वहिनी, माझं काढा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. साठ जणांत असं म्हणणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

"जागा कमी पडायली म्हणं. माझं काढा. तम्मुडुला सांगू नका." तम्मुडु म्हणजे धाकटा भाऊ.

"अक्का, तुमचं आहे किती? चार सेकंद. त्यानं काय होणार?"

"चार-चार सेकंद करूनच तीन तास झाल्यात न्हवं? एकेक विडी करूनच हजार व्हतंय." विड्यांचा हिशेब हजारावर असतो, त्यामुळं याबाबतीत त्यांच्याशी वाद घालणं कठीण होतं. मी म्हणाले, बघते. त्यांनी ते होकार म्हणून घेतलं आणि गेल्या.

मग मी ते चार सेकंद लावून पाहिले. अक्का दारात बसल्यात, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, हातात कात्री. गल्लीच्या तोंडाशी कुणी आल्याची चाहूल लागते, त्या मान वर करतात आणि हसतात. हसता-हसता हात तोंडाकडं जातो, कारण त्यांना हसताना तोंड झाकायची सवय होती. बस, एवढंच. यानंतर नायक घरात जातो, आणि मग गल्लीतल्या सगळ्यांची नावं येतात. शेवटची चार मिनिटं.

ते मला कापवेना. कारण विचाराल तर मला ती बाई आवडली होती, दुसरं काही नाही. आणि साठ जणांच्या शब्दांना मान देऊन हिला, फक्त मागितलं म्हणून, कापायचं हे मला अन्यायाचं वाटलं. तेव्हा मी कुणाचंच काही कापलं नाही. गल्लीचं काही गेलं नाही, चित्राचं काही गेलं नाही, गेला तो माझा नियम. डिस्क काठोकाठ भरली. बाहेर काढून उलटी धरली तेव्हा ती कडेपर्यंत गडद होती.

आता माझी चूक सांगते. डिस्क द्यायच्या आधी ती तपासायची माझी एक पद्धत होती. सुरुवात पाहायची, मध्य पाहायचा, आणि द्यायची. शेवट मी बघत नसे. जो बोटभर जागा सोडतो त्याला शेवट तपासावा लागत नाही. त्या दिवशी जागा सोडली नव्हती, पण हाताची सवय तीच राहिली. सुरुवात पाहिली, मध्य पाहिला, दिली. आणि त्याच संध्याकाळी मोडनिंबच्या एका वास्तुशांतीचं काम घ्यायचं म्हणून कॉम्प्युटरमधला सगळा सिनेमा पुसून टाकला. तेव्हाच्या कॉम्प्युटरात एका वेळी एकच मोठं काम मावायचं. कॅसेटी तर अण्णांनी कधीच पुन्हा वापरल्या होत्या, एकीवरच तीन-तीनदा शूटिंग केलेलं. म्हणजे आख्ख्या जगात तो सिनेमा आता त्या एका डिस्कवर होता.

रथाच्या दुसऱ्या दिवशी आम्हां दोघांना अण्णांच्या घरी बोलावणं होतं. एका खोलीत तीस माणसं आणि एक टीव्ही. अक्का मागं, स्वयंपाकघराच्या दाराशी. बाबूभाईंनी वेळेवर सिनेमा लावला आणि वेळेवर जेवायला गेले. सिनेमा चांगला होता का, हे मला सांगता येणार नाही. पण पडद्यावर जो दिसेल तो खोलीतही बसलेला, त्यामुळं शिट्ट्यांना उणीव नव्हती. लक्ष्मणचा चहा अकरा मिनिटं उकळला आणि लोकांनी तो शांतपणे उकळू दिला. रथाच्या गर्दीतही माणसं ओळखू येत होती. मी अण्णांकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आम्हांला आमचे चौकोन माहीत होते.

मग अक्का आल्या. त्यांनी मान वर केली, हसल्या, हात तोंडाकडं निघाला. आणि चित्र थांबलं.

पहिला मिनिटभर कुणाला काही वाटलं नाही. एक म्हातारे विणकर तर मान हलवत म्हणाले, "हितं मुद्दाम थांबवलंय. माणसानं इचार करावा म्हणून." लोकांनी आणखी दोन मिनिटं विचार केला. मला मात्र माहीत होतं की डिस्क कडेला अडकली आहे. अण्णा सायकल काढून बाबूभाईंकडं पळाले. बाबूभाई कुलूप लावून झोपले होते आणि कुठं झोपले होते ते कुणाला माहीत नव्हतं.

अक्का पन्नास मिनिटं टीव्हीवर होत्या. एकट्या आमच्या खोलीत नव्हे, बाबूभाईंची केबल होती त्या सगळ्या घरांत. हात अर्ध्या वाटेवर अडकलेला, तोंडापर्यंत पोचलाच नव्हता. त्यांचं हसू असं उघडं कुणी पाहिलं नव्हतं. भावानंही नसेल. पुढं पुढं गल्लीतून बायका यायला लागल्या. आधी टीव्हीकडं बघायच्या, मग दाराशी बसलेल्या अक्कांकडं, मग पुन्हा टीव्हीकडं. अक्कांनी पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढला, पण टीव्हीवर पदर ओढता येत नव्हता. एका सुनेनं टीव्ही बंद केला, तर शेजारच्या घरातून अक्का दिसतच होत्या. शेवटी बाबूभाई उठले, आले, आणि पडदा निळा झाला.

नंतर मी ती डिस्क माझ्या मशीनवर लावली, दुसऱ्यांच्या तीन मशीनवर लावली. सगळीकडं तिथंच थांबायची. अण्णांना मी सरळ सांगितलं. तुमचा शेवट गेला, तो कुठंच नाही, आणि तो मी घालवला. ते उठले आणि सायकल काढून गेले. शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजव्वाअक्का आल्या. या वेळी पायरीवर थांबल्या नाहीत.

"मी काढा म्हणलं, तुमी तासभर ठिवलात की मला!" कारखान्यात विड्या द्यायला गेल्या तर बायका वाट सोडेनात, म्हणे. मी माफी मागितली. मग त्या स्टुलावर बसल्या आणि आवाज खाली आला. "वहिनी, खरं सांगा. मला काढलं असतं तर त्याचा शेवट बसला असता न्हवं?"

मला एकदम लक्षात आलं की ही बाई काय समजून बसली आहे. आपल्या चार सेकंदांनी भावाचा शेवट खाल्ला. मी तिला कड दाखवली, डिस्क दाखवली, शपथ घेऊन सांगितलं की चूक माझी, तुमचा काही संबंध नाही. तिनं सगळं ऐकलं आणि माझा हात थोपटला. "तुमी चांगल्या हात म्हणून असं बोलता." खरं बोलून खोटं ठरण्याची वेळ माझ्यावर गिऱ्हाइकांनी खूपदा आणली होती, पण त्या दिवसाइतकं ते मला कधी लागलं नाही.

चार दिवसांनी अण्णा आले. त्यांना ते थांबलेलं चित्र कागदावर छापून हवं होतं. मोठं छापलं तेव्हा सगळे चौकोन उघडे पडले, गालावर, कपाळावर, सुपावर. मी ओशाळले. अण्णांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. "निम्मं काम तर तुमच्या डिस्कनंच केलंय, वहिनी. चौकोन पाडूनच दिल्यात." त्या चित्रावरून त्यांनी ग्राफ काढला आणि एका मागवाल्याकडून भिंतीवर लावायचं चित्र विणून घेतलं. दोन नग. एक घरी, एक मला. घरचं अक्कांनी भिंतीवर लावू दिलं नाही, उगाच जागा अडते म्हणून घडी करून पेटीत ठेवलं. माझं दुकानात लागलं. त्यात चारी बाजूंनी बोटभर पट्टी कोरी आहे. "तुमचा नियम," अण्णा म्हणाले होते. एवढंच बोलले, पण त्यावरून मला कळलं की राग गेला.

आता डिस्क कुणी मारत नाही. त्याच दुकानात मी झेरॉक्स काढते, ऑनलाइन फॉर्म भरते. भिंतीवरचं चित्र झेरॉक्स मशीनच्या वर आहे. राजव्वाअक्का वर्षातून एकदा येतात, विडी कामगारांच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला. आधी तो अंगठ्यावर निघायचा आणि दरवर्षी अडायचा, कारण आयुष्यभर विड्या वळून त्यांच्या बोटांवर रेघा उरलेल्या नाहीत. मशीनच्या मते त्या कुणीच नव्हत्या. दरवर्षी मी त्यांना म्हणायची, अक्का, तुमच्या चार सेकंदांनी काही झालं नव्हतं. दरवर्षी त्या माझा हात थोपटायच्या.

यंदा दाखला चेहऱ्यावर काढला. मोबाइलसमोर बघायचं आणि पापणी मिटायची. अक्कांना हसू आलं, हात तोंडाकडं गेला आणि मोबाइलनं नाकारलं.

"अक्का, हात खाली. चेहरा पूर्ण दिसू द्या."

त्यांनी हात मांडीवर ठेवला, हसत तशाच बघत राहिल्या, पापणी मिटली. चार सेकंदांत झालं.

"बसलं का?" त्यांनी विचारलं.

"बसलं. भरपूर जागा उरली."

त्या उठल्या, चित्राकडं मान वर केली आणि कडेच्या कोऱ्या पट्टीवरून बोट फिरवलं. "हितं बी उरलीया की. मग त्याचा शेवट कुटं ग्येला, वहिनी?"

"मी हरवला, अक्का," मी म्हणाले. या वेळी डिस्क, कड, लेप, काहीच सांगितलं नाही. "तपासायचा होता, तपासला नाही. हरवला."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग पिशवी काखेला मारली. "असू द्या. तुमी काय मुद्दाम हरवला व्हय?"

इतक्या वर्षांनी दोष शेवटी माझ्या पदरात पडला. त्या पायरी उतरून गेल्या तरी मी दाखल्याचा कागद हातात धरून उभी होते, तो द्यायचा राहिला होता.